काळ्या मेंदीची पुडी: एक तारा

नात्यात लग्न, म्हणून सुनेनं बाजारातून काळ्या मेंदीची पुडी आणली. वर पंचविशीतल्या पोरीचा फोटो, तिनं पांढरा केस कधी पाहिला तरी असंल का! नुसती मेंदी काळी होतच नाही, लालसर चढते. काळेपणा येतो पीपीडी नावाच्या रंगानं, अन् ते छापलंय मागं, मुंगीएवढ्या अक्षरात. आधी कानामागं लावून ४८ तास पाहा, हेही तिथंच. पाहिलं. दुसऱ्या दिवशी खाज, बारीक पुरळ. पुडी गेली उकिरड्यावर.

लग्नात विहीणबाई म्हणे, ‘काहून वो, म्हाताऱ्या दिसता!’
‘बासष्टची हाओ, मंग कशी दिसू?’

एक तारा मागच्या सूचनेसाठी. तेवढी अक्षरं मोठी करा.