एका कॉम्प्युटरवर ईव्ह ऑनलाइनच्या चार विंडो: कोअर विंडोजने वाटायचे की आपण?

एक जहाज लघुग्रह खणतंय, दुसरं माल वाहतंय, तिसरं शेजारच्या ताऱ्याच्या प्रणालीत पहाऱ्यावर आहे. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन गेममध्ये अशी तीन-चार अकाउंट एकाच वेळी चालवणारे पुष्कळ आहेत. त्यासाठी सगळी अकाउंट पैसे भरून घेतलेली, म्हणजे ओमेगा लागतात. फुकटचं अल्फा अकाउंट दुसऱ्यासोबत एकाच वेळी चालवता येत नाही. तिसरी विंडो उघडली की गेम अडखळू लागतो आणि सल्ला ठरलेला असतो: प्रत्येक विंडोला एक-एक कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) बांधून टाका. नेमका हाच सल्ला बहुतेकांना नडतो.

आधी कोअर कमी पडताहेत का ते बघा

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट-क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर' हा आलेख निवडा. शेजारी ग्राफिक्स कार्डाचा आकडाही बघा. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर चिकटलेलं असेल, तर कोअरची कितीही वाटणी केली तरी फरक पडणार नाही. रॅम किंवा कार्डाची मेमरी भरली असेल तरी तेच.

एकूण सीपीयू ४० टक्केच दिसतो म्हणून निवांत होऊ नका. ईव्हचा बराचसा कारभार स्टॅकलेस पायथन या प्रोग्रामिंग भाषेवर चालतो आणि पायथनचा कोड एका वेळी एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) धावतो. म्हणजे एका विंडोचं मुख्य ओझं एका कोअरवर पडतं. १२ थ्रेडच्या (एका वेळी १२ धागे चालवणाऱ्या) प्रोसेसरवर एखादी विंडो सुमारे ८ टक्के दाखवत असेल, तर तिने एक थ्रेड पूर्ण भरलेला असू शकतो, कारण १०० भागिले १२ म्हणजे ८.३.

वाटणीपेक्षा स्वस्त उपाय

समोर नसलेल्या, मागच्या विंडोला सेकंदाला ६० किंवा १४४ फ्रेम काढायचं काहीच कारण नाही. एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये बॅकग्राउंड अ‍ॅप्लिकेशनसाठी वेगळी कमाल फ्रेम-मर्यादा आहे. ती २० किंवा ३० वर ठेवली की समोरची विंडो मोकळी राहते आणि मागच्या आपोआप मंदावतात. एएमडीचं कार्ड असेल तर रिव्हाट्यूनर या प्रोग्रामने मर्यादा घालता येते, पण ती प्रोग्रामच्या नावावर असते, त्यामुळे समोरच्या विंडोलाही लागू होते. खुद्द ईव्हमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-९ एकत्र दाबलं की त्या विंडोचं त्रिमितीय चित्रणच बंद होतं. नुसत्या पहाऱ्यावरच्या जहाजाला तेवढं पुरतं.

एवढं करून चारही विंडो सुरळीत चालल्या, तर कोअरला हात लावू नका. विंडोजचा शेड्युलर मोकळा कोअर शोधायचं काम दर काही मिलिसेकंदांनी करतो; आपण घातलेली बंधनं त्याचे पर्याय कमी करतात.

एका विंडोला एकच कोअर का नको

मुख्य थ्रेड एक असला तरी विंडोत आवाज, नेटवर्क, फाइल वाचणं आणि ग्राफिक्स ड्रायव्हर यांचे थ्रेडही असतात. अ‍ॅफिनिटी (कोणत्या कोअरवर चालायचं हे ठरवणारं बंधन) पूर्ण प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या अख्ख्या प्रोग्रामला, लागू होत असल्याने ड्रायव्हरचे थ्रेडही त्याच एका कोअरवर रांग लावतात. स्टारगेटमधून उडी मारताना नवी प्रणाली लोड होते, तेव्हा हे सगळे एकदम जागे होतात. शेजारचे कोअर रिकामे असूनही ती विंडो गोठते.

दुसरी चूक नंबरांची. हायपरथ्रेडिंग असलेल्या प्रोसेसरवर विंडोजमध्ये सीपीयू ० आणि सीपीयू १ हे एकाच खऱ्या कोअरचे दोन थ्रेड असतात. पहिल्या विंडोला ० आणि दुसरीला १ दिला, की दोघी एकाच कोअरवर भांडतात. वाटणी करायचीच तर जोड्यांनी करा: ०-१, २-३, ४-५. खात्री करायची असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं कोअरइन्फो चालवा. कोणते थ्रेड एका कोअरचे आणि कोणते कोअर एका कॅशचे (प्रोसेसरमधल्या जलद मेमरीचे), दोन्ही त्यात दिसतं.

आमच्या मते सहा कोअर-१२ थ्रेडच्या प्रोसेसरवर मुख्य विंडोला सगळे कोअर मोकळे ठेवावेत आणि मागच्या तिघींना मिळून ६ ते ११ हे थ्रेड द्यावेत. मागच्या तिघी एकमेकींत वाटून घेतील, आणि मुख्य विंडोला निदान तीन खरे कोअर त्यांच्यापासून सुरक्षित राहतील.

चार मार्ग

*टास्क मॅनेजर.* प्रोसेसेस टॅबमध्ये हवी ती विंडो शोधून 'गो टू डिटेल्स', मग राइट-क्लिक करून 'सेट अ‍ॅफिनिटी'. फुकट आहे आणि दोन मिनिटांत प्रयोग करून बघता येतो. पण गेम बंद केला की सगळं पुसलं जातं. शिवाय ईव्हच्या प्रत्येक विंडोची प्रोसेस एकाच नावाची, 'एक्सईफाइल', असते. डिटेल्समध्ये थेट गेलात तर चार सारख्या ओळींपुढे बसून अंदाज बांधावा लागेल. म्हणून प्रोसेसेस टॅबमधूनच जा.

*स्टार्ट कमांड.* बॅच फाइलमध्ये (कमांड लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये) स्टार्ट कमांडला अ‍ॅफिनिटीचा पर्याय देऊन प्रोग्राम ठरावीक कोअरवर उघडता येतो. एका प्रोग्रामने उघडलेल्या दुसऱ्या प्रोग्रामला (चाइल्ड प्रोसेसला) उघडणाऱ्याची (पेरेंटची) अ‍ॅफिनिटी वारशाने मिळते, म्हणून गेम उघडणारा लाँचरच मागच्या विंडोंसाठी ठरवलेल्या कोअरवर उघडायचा. त्यातून चारही विंडो उघडा आणि मग फक्त मुख्य विंडोला टास्क मॅनेजरमधून सगळे कोअर परत द्या. रोज एकच हातचं काम उरतं. लाँचर आधीपासून ट्रेमध्ये चालू असेल तर हे लागू होत नाही; तो पूर्ण बंद करूनच फाइल चालवा.

इथे अडकवणारी गोष्ट म्हणजे संख्या. कोणते थ्रेड हवेत ते एकाच संख्येत सांगायचं असतं: थ्रेड ० साठी १, थ्रेड १ साठी २, पुढच्याला ४, अशा दुप्पट होत जाणाऱ्या आकड्यांची बेरीज. ० ते ५ साठी दशमान संख्या ६३, ६ ते ११ साठी ४०३२. विंडोजच्या पॉवरशेल या कमांड-साधनातून अ‍ॅफिनिटी देताना या तशाच चालतात. स्टार्ट कमांड मात्र संख्या सोळाच्या पायात वाचते; तिथे ६३ ऐवजी 'तीन-एफ' आणि ४०३२ ऐवजी 'एफ-सी-शून्य' लिहावं लागतं. चुकून ६३ लिहिलंत तर एररही येत नाही, फक्त विंडो ०, १, ५ आणि ६ या भलत्याच थ्रेडवर उघडते.

*प्रोसेस लासो.* हा वेगळा घ्यायचा प्रोग्राम. नियम एकदा लिहिला की दर वेळी आपोआप लागतो. पण नियम प्रोसेसच्या नावावर असल्याने चारही ईव्ह विंडोंना सारखाच बसतो. त्यासाठी यात इन्स्टन्स बॅलन्सर आहे. एकाच प्रोग्रामच्या अनेक प्रती तो वेगवेगळ्या कोअरवर पसरवतो. याहून मोलाची सोय म्हणजे सीपीयू सेट्स. अ‍ॅफिनिटी म्हणजे पक्कं कुंपण, तर सीपीयू सेट ही विंडोजला सांगितलेली पसंती. शक्यतो हीच निवडा. काही सोयींना पैसे पडतात.

*आयएसबॉक्सर.* अनेक विंडो एकत्र चालवण्याचा प्रोग्राम. इनर स्पेस या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालतो आणि त्याची वर्गणी लागते. विंडोंची मांडणी, पुढच्या-मागच्या वेगळ्या फ्रेम-मर्यादा आणि कोअरची वाटणी, सगळं एकाच ठिकाणी होतं. मात्र नुसत्या कोअरसाठी हा खर्च वाजवी नाही. शिवाय एक की सगळ्या विंडोंना पाठवण्याची त्याची सोय ईव्हमध्ये १ जानेवारी २०१५ पासून नियमबाह्य आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनेही नोव्हेंबर २०२० मध्ये तसं सॉफ्टवेअर बंद केलं. ही की पाठवण्याची सोय बंदच ठेवा.

काही गेमचं अँटी-चीट (फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) बाहेरून अ‍ॅफिनिटी बदलू देत नाही, टास्क मॅनेजर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणतो. अँटी-चीटशी झटापट करू नका, अकाउंट जाईल.

प्रोसेसरप्रमाणे उत्तर बदलतं

इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीतल्या बऱ्याच चिपमध्ये पी-कोअर (वेगवान) आणि ई-कोअर (कमी वीज खाणारे) असे दोन प्रकार आहेत. आय-५ १३६००के मध्ये ६ पी-कोअरचे थ्रेड ० ते ११ आणि ८ ई-कोअर १२ ते १९. मागच्या विंडो ई-कोअरवर टाकणं इथे खरंच फायद्याचं. १२ ते १९ साठी दशमान संख्या १०४४४८०. पण पक्की अ‍ॅफिनिटी असेल तर ती विंडो समोर आणल्यावरही ई-कोअरवरच अडकून राहते. सतत विंडो बदलत लढणाऱ्याने इथे सीपीयू सेट्स किंवा विंडोज ११ चा एफिशियन्सी मोड बघावा. आय-५ १२४०० मध्ये ई-कोअर नाहीतच.

रायझन ५९००एक्समध्ये सहा-सहा कोअरच्या दोन चिपलेट (एका प्रोसेसरमधल्या छोट्या चिप) आहेत, प्रत्येकीची ३२ एमबी एल-३ कॅश स्वतंत्र. विंडो एका चिपलेटवरून दुसरीवर गेली की तिचा डेटा तिथल्या कॅशमध्ये नव्याने भरावा लागतो. म्हणून इथे हाताने वाटणी सर्वांत जास्त पटते: मुख्य विंडो ० ते ११ वर, बाकीच्या १२ ते २३ वर. ७९५०एक्स३डीमध्ये एका चिपलेटची एल-३ कॅश ९६ एमबी आहे, मुख्य विंडो तिच्यावर हवी. ५६०० किंवा ५८००एक्स३डीमध्ये चिपलेट एकच, तिथे वरची फ्रेम-मर्यादा बहुतेकदा पुरते.

लिनक्सवर हेच काम टास्कसेट ही कमांड करते, पण नंबर तसेच असतील असं धरू नका. सहा कोअरच्या चिपवर तिथे ० ची जोडी बहुधा १ नसून ६ असते. आधी एलएससीपीयू या कमांडने बघा. विंडोजवरही बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग किंवा ई-कोअर बंद-चालू केलेत, तर जुन्या फाइलमधल्या संख्या भलत्याच कोअरना लागू होतात. बदल केल्यावर त्या नव्याने काढा.