‘प्रेशरवाला’ कमोड आणि गच्चीवरची टाकी

“साहेब, साधा फ्लश दोन-दोनदा दाबावा लागतो. हा प्रेशरवाला घ्या, एका दाबात साफ.” दुकानदाराच्या या एका वाक्यावर महागाचा माल गळ्यात पडतो. पुढचा क्रम जवळजवळ ठरलेला. कमोड बसतो, टाइल्स लागतात, आणि राहायला गेल्यावर आठवडाभरात कळतं की बटण दाबलं की पाणी भांड्याच्या कडेने नुसतं ओघळतं, तळाशी असतं ते जागचं हलत नाही. दुकानदार म्हणतो, फिटिंग चुकलं. प्लंबर म्हणतो, माल खराब. कंपनीचा माणूस येतो, नळ उघडून बघतो, कागदावर ‘साइटला प्रेशर नाही’ असं लिहून सही घेऊन जातो. त्या सहीनंतर वॉरंटी संपल्यात जमा. मग तोच प्लंबर मोटर बसवायला सुचवतो आणि तिसरं बिल सुरू होतं.

यात माल बनावट असतोच असं नाही. बऱ्याचदा तो अस्सल असतो. फक्त तुमच्या घरात तो चालणार नसतो, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत पाण्याला दाब येतो तो निव्वळ उंचीतून. पालिकेचं पाणी खालच्या टाकीत, तिथून मोटरने गच्चीवर, आणि गच्चीवरून आपल्या वजनाने खाली. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, म्हणजे १४ पीएसआय (दोन्ही दाब मोजायची मापं). फुटांत हिशेब करायचा तर दर २.३ फुटांना एक पीएसआय. आता टेप घेऊन वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये उभं राहा. जमिनीपासून स्लॅब १० फूट, गच्चीपासून टाकीचा तळ ४ फूट वर, फ्लशचा व्हॉल्व जमिनीपासून ३ फुटांवर. १० अधिक ४ वजा ३, म्हणजे ११ फूट. दाब पावणेपाच पीएसआय. खालच्या मजल्यावर २१ फूट, म्हणजे नऊच्या आसपास. गाडीच्या टायरमध्ये आपण ३०-३३ पीएसआय हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या. शिवाय हा दाब नळ बंद असतानाचा. पाणी वाहायला लागलं की पाइपचं घर्षण आणि प्रत्येक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, त्यातून आपला वाटा काढून घेतात.

खरा प्रेशर-असिस्ट कमोड हा अमेरिकी प्रकार. तिथे १९९२च्या कायद्याने १९९४पासून घरगुती फ्लशला १.६ गॅलन, म्हणजे सहा लिटरची मर्यादा आली. आधीचे कमोड तेराएक लिटर ओतायचे, त्यामुळे सुरुवातीचे सहा लिटरवाले वारंवार तुंबू लागले आणि या प्रकाराला गिऱ्हाईक मिळालं. त्याच्या टाकीच्या आत दुसरी बंद प्लास्टिकची टाकी असते. नळाचं पाणी तिच्यात शिरताना आतली हवा दाबली जाते. बटण दाबलं की ती हवा पाण्याला जोराने ढकलते. म्हणजे जोर नळाच्या दाबातूनच येतो. तो किमान २५ पीएसआय लागतो. उंचीत सांगायचं तर ५८ फूट, म्हणजे सहा मजली इमारतीच्या तळमजल्यावर कुठे मिळेल एवढा. दुमजली बंगल्यात तो मिळणं शक्यच नाही.

दुकानातला ‘प्रेशरवाला’ हा आहे का, ते कळायला दहा सेकंद पुरतात. टाकीचं झाकण उचला. आत उघडी टाकी आणि तरंगता फ्लोट दिसला, तर तो साधा ग्रॅव्हिटी फ्लश. ‘टर्बो’, ‘जेट’, ‘टॉर्नेडो’ हे शब्द फक्त खोक्यावरचे. आत सीलबंद डबा दिसला, तर तो खरा प्रेशर-असिस्ट, आणि वरच्या हिशेबाने बहुतेक घरांत निरुपयोगी. झाकणच नाही, टाकीच नाही, भिंतीतून नुसतं बटण आलंय, तर तो फ्लश व्हॉल्व. आपल्याकडे ‘प्रेशर’ म्हणून सगळ्यात जास्त हाच खपवला जातो. (भिंतीत लपवलेली टाकी असली तरी बटणच दिसतं. तेव्हा ‘आत टाकी आहे का व्हॉल्व’ हे तोंडाने विचारा.)

फ्लश व्हॉल्व वाईट वस्तू नाही. पण त्याच्याकडे पाणी साठवून ठेवलेलं नसतं. जे हवं ते त्याच क्षणी पाइपातून यावं लागतं. भांडं साफ व्हायला सेकंदाला सव्वा ते दीड लिटर पाणी लागतं. त्यासाठी टाकीपासून फक्त फ्लशसाठी सव्वा किंवा दीड इंची वेगळी लाइन टाकावी लागते, जिला प्लंबर ‘फ्लश लाइन’ म्हणतात. फसवणूक इथेच होते. बाथरूममध्ये आधीची अर्धा इंची लाइन असते, तिच्यावरच रेड्यूसर (जाड-बारीक पाइप जोडणारा तुकडा) चढवून व्हॉल्व बसवतात, वर टाइल लावतात. आत काय आहे ते कोणाला दिसणार? टाइल लागायच्या आधी त्या लाइनचं तोंड उघडं ठेवून खाली दहा लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. सात-आठ सेकंदांत भरली तर व्हॉल्व चालेल. अर्धा इंची नळाला चाळीस सेकंदांपासून मिनिटभरही लागतो. त्या लाइनवर कुठल्याही कंपनीचा व्हॉल्व लावा, पाणी ओघळणारच.

दुसरा दोष बोअरच्या पाण्याचा. व्हॉल्वच्या आत एक बारीक भोक असतं. बटण सोडल्यावर त्यातून पाणी झिरपून वरचा कप्पा भरतो, तेव्हा व्हॉल्व मिटतो. भोकात क्षार किंवा वाळूचा कण बसला की व्हॉल्व मिटतच नाही. सेकंदाला सव्वा लिटरने हजार लिटरची टाकी तेरा-चौदा मिनिटांत कोरडी. सकाळी पोरं शाळेत, मोठे कामावर, आणि दुपारी परत येऊन बघावं तर घरात थेंब नाही. म्हणून व्हॉल्वच्या आधी हाताने बंद करता येणारा कॉक हवाच. काही व्हॉल्वमध्ये तो आतच असतो, स्क्रूड्रायव्हरने फिरतो. कुठे आहे ते बसवतानाच दाखवून घ्या.

आता मोटर. प्रेशर पंप लावला की फ्लश जोरात येतो, हे खरं. पण व्हॉल्व थोडासा जरी गळत असला तरी लाइनचा दाब उतरतो आणि रात्री दोन वाजता पंप आपोआप सुरू होतो, बंद होतो, पुन्हा सुरू होतो. वीज गेली की फ्लशही गेला. जुन्या लाइनचे कच्चे सांधे त्या दाबाने उघडतात आणि ओल खालच्या फ्लॅटच्या छतात उतरते. ‘टाकी कशाला, पालिकेच्या लाइनलाच मोटर लावू’ असं कोणी सुचवलं तर त्याला तिथेच थांबवा. ते बेकायदा आहे, मोटर जप्त होते.

कमी उंचीच्या घरात खरं काम करते ती साधी फ्लशची टाकी, तीन-सहा लिटरची दोन बटणांची. तिला प्रेशरची गरजच नाही. अर्धा इंची लाइनने ती भरायला मिनिटभर लागेना का, फ्लशच्या वेळी सहा लिटर एकदम सुटतात. ‘मजबूत फ्लश’ हवा असेल तर पैसे भांड्याच्या आकाराला मोजा, बटणाला नाही.

तिथेही एक सापळा आहे. सायफनचा कमोड, म्हणजे भांड्यातलं पाणी ओढून घेणारा, दुकानात सुरेख ओढून दाखवतात. पण तो एस-ट्रॅपचा असतो, खाली जमिनीत उतरणारा, आणि टाइल लागलेल्या भिंतीपासून ड्रेनच्या मध्यापर्यंतचं अंतर ठरलेलं लागतं, बहुतेक मॉडेलना ९ किंवा १२ इंच. तुमच्याकडे भरतं १० इंच, शिवाय मोजलेलं टाइल लागायच्या आधी. मसाला आणि टाइल मिळून त्यातला इंच-सव्वा इंच खातात. मग ‘होतंय हो ॲडजस्ट’ म्हणून मध्ये वाकडा ऑफसेट कनेक्टर घालतात. त्या वळणाशी सायफन तुटतो, कागद अडकतो. ड्रेन भिंतीतून येत असेल तर पी-ट्रॅपचा, म्हणजे मागे भिंतीकडे निघणारा, वॉशडाउन कमोड (पाण्याच्या लोटाने ढकलणारा) घ्या, उगाच एसच्या मागे लागू नका.

सेकंड्सचा, म्हणजे दोष असलेला दुय्यम माल ओळखायला नाणं पुरतं. भांड्यावर वाजवा, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा. खालून ट्रॅपच्या नळीत बोट फिरवा. खरखरीत लागलं तर आत ग्लेझ नाही, तिथे घाण धरणार. सपाट फरशीवर ठेवून हलवून बघा, डुगडुगता कमोड बोल्ट आवळताना फुटतो. आयएसआय शिक्क्याजवळचा सीएम/एल नंबर (परवान्याचा क्रमांक) ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून पाहा.

न्यू जर्सीत किंवा अमेरिकेत आणखी कुठे जुनं घर घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तिथे नळाला पुरेसा दाब असतो, त्यामुळे प्रेशर-असिस्ट कमोड छान चालतो. पण फ्लशमेट या आतल्या बंद टाक्या बनवणाऱ्या ब्रँडच्या ५०३ मालिकेतल्या, १९९७ ते २००८ दरम्यान बनलेल्या सुमारे २३ लाख टाक्या २०१२ साली परत बोलावल्या गेल्या, कारण जोडाच्या शिवणीवर त्या फुटत होत्या आणि वरचं चिनीमातीचं झाकण उडत होतं. घर दाखवताना एजंट हे सांगेल अशी आशा धरू नका. झाकण उचलून आतल्या डब्यावरचं लेबल वाचा. मालिका जुळली तर कमोडचा पाण्याचा कॉक बंद करून एकदा फ्लश करा, म्हणजे आतला दाब उतरेल.

पैसे देण्याआधी कोटेशनवरच लिहून घ्या: टाकीचा तळ फ्लशच्या व्हॉल्वपासून इतके फूट उंच, लाइन इतक्या इंची, या स्थितीत एका फ्लशमध्ये भांडं साफ होईल, नाही झालं तर माल परत. शेवटचा हप्ता फ्लश करून बघितल्यावर द्या. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर ‘सेट’ असा मोघम शब्द नको, मॉडेल नंबर हवा.

फसलाच असाल तर आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत २ वर्षांची. तोवर कमोड उखडून भंगारात देऊ नका. व्हॉल्वमागच्या चार टाइल्स काढून तो अर्धा इंची पाइप आणि रेड्यूसर दिसेल असा फोटो काढा, आणि बादली भरायला किती सेकंद लागतात त्याचा सलग व्हिडिओ, मध्ये न तोडता.