मेमटेस्ट८६ प्लस: फॉरमॅट मारायच्या आधी हे चालवा

पीसी चालू करताना निळी स्क्रीन येते किंवा विंडोजचं गोल गोल फिरणारं चिन्ह दिसतं न दिसतं तोच मशीन आपोआप रिस्टार्ट होतं, असं कुणी सांगितलं की आपल्याकडे औषध ठरलेलं आहे, "फॉरमॅट मारून टाका". माझ्या मामाच्या डेस्कटॉपला हेच औषध दिलं गेलं. दुकानदार म्हणाला विंडोज करप्ट झालंय, मामाने मान डोलावली, आणि मग नवीन विंडोज टाकतानाच इन्स्टॉलेशन मध्येच फाइल कॉपी होत नाही म्हणून अडकायला लागलं. आता ज्या मशीनवर विंडोजच नाहीये त्यावर विंडोज करप्ट कसं असेल हा प्रश्न दुकानात कोणाला पडला नाही, तिथे पुढचं निदान "मदरबोर्ड गेला" असं आलं.

फॉरमॅटच्या आधीचे फोटो मामाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेले होते म्हणून बरं. एकात मेमरी मॅनेजमेंट, दुसऱ्यात आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, तिसऱ्यात पेज फॉल्ट. दरवेळी वेगळा एरर म्हणजे पहिला संशय रॅमवर घ्यायचा. उलट रोज एकच कोड येत असेल, समजा इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस किंवा अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम, तर आधी हार्डडिस्क किंवा एसएसडी बघायची, रॅमच्या मागे लागायचं नाही.

तर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर. आधी नावाचा घोळ. या नावाची दोन सॉफ्टवेअर आहेत. एक पासमार्क कंपनीचं मेमटेस्ट८६, त्याची फुकट आवृत्ती चार पास (एक पास म्हणजे सगळ्या टेस्टची एक फेरी) झाले की थांबते. दुसरं मेमटेस्ट८६ प्लस, हे ओपन सोर्स आणि पूर्ण फुकट. मी प्लसवालं वापरलं. याची जुनी आवृत्ती नवीन यूईएफआयवाल्या (जुन्या बायॉसच्या जागी आलेलं) मशीनवर धड चालायची नाही, २०२२ मध्ये ६ नंबरची आवृत्ती आली तेव्हापासून यूईएफआय आणि डीडीआर५ (नवीन प्रकारची रॅम) दोन्ही चालतं, त्यामुळे कोणी कॉलेजच्या जमान्यातली सीडी काढून दिली तर ती ठेवून द्या आणि नवीन डाउनलोड करा. दुसऱ्या लॅपटॉपवर यूएसबी इन्स्टॉलर चालवायचा, पेनड्राइव्ह तयार होतो (त्यातलं सगळं उडतं, लग्नाचे फोटो आधी काढून घ्या), आणि पीसी त्यावरून बूट करायचा. विंडोज लागतच नाही, आणि हीच याची मोठी गंमत, कारण आपलं मशीन विंडोजपर्यंत पोचतच नव्हतं.

मला बायॉसमधलं सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून बूट होऊ न देणारं सेटिंग) बंद करावं लागलं, चालू असताना पेनड्राइव्हवरून बूटच होईना. लॅपटॉपवर हे करणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, सेटिंग बदललं की तो की मागू शकतो, आणि की नसेल तर रॅमचं दुखणं राहिलं बाजूला, डेटाच अडकून बसेल.

दिसायला एकदम साधं, निळ्या स्क्रीनवर आकडे पळत असतात, माउस नाही काही नाही. मामा म्हणाला, "अगं हे तर डॉसच्या काळातलं दिसतंय!" पण काम चोख. एरर सापडला की लाल रंगात पत्ता येतो, अमुक ठिकाणी हे लिहिलं होतं आणि वाचताना ते मिळालं. आमच्याकडे पहिल्या पासमध्येच लाल ओळींची रांग लागली. इथे एक लक्षात ठेवा, "दोनचार एरर चालतात" असं काही नसतं, एक जरी एरर आला तरी काहीतरी बिघडलेलं आहे. आणि पहिला पास मुद्दाम छोटा ठेवलेला असतो, तो एरर न येता संपला म्हणून पेनड्राइव्ह काढू नका, रात्रभर लावून ठेवा. शेवटच्या बिट फेड टेस्टमध्ये काही मिनिटं सगळं थिजल्यासारखं वाटतं, तेव्हा हँग झालं समजून बटण दाबू नका, तो रॅममध्ये लिहिलेलं टिकतंय का ते बघत थांबलेला असतो.

आता तक्रार. रॅमच्या दोन स्टिक असतील तर खराब कोणती ते हा थेट सांगत नाही, पत्ता सांगतो, आणि ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही स्टिक जोडीने चालतात तेव्हा) त्या पत्त्यावरून आपल्यासारख्याला काही कळत नाही. मग कॅबिनेट उघडायचं, प्लग काढून, आणि एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये लावून टेस्ट करायची. दोन्ही स्टिकना त्या स्लॉटमध्ये एरर आले आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये नाही, तर संशय बोर्डावर. एकच स्टिक कुठेही लावा एरर देतेय तर ती गेली. आमची एक तशी निघाली. खोडरबर मारून पण बघितला, सोनेरी पट्ट्या चकाचक झाल्या, एरर तेवढेच. (बऱ्याचदा खोडरबरने खरंच काम होतं, विशेषतः पावसाळ्यानंतर, त्यामुळे हसू नका.)

एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं बायॉसमधलं सेटिंग) चालू असेल तर आधी बंद करून बघा. रॅमवर ३२०० लिहिलेलं असतं पण तो वेग एक्सएमपीने मिळतो, बंद केल्यावर ती आपल्या साध्या वेगाला येते आणि तिथे एरर गायब झाले तर रॅम मेली म्हणायची घाई नको, त्या बोर्डाला किंवा प्रोसेसरला तो वेग झेपत नसेल.

विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक पण असतं, मी ते दुसऱ्या एका मशीनवर वापरलंय, नुसतं सुरू केलं तर स्टँडर्ड टेस्ट करतं आणि पटकन सोडून देतं, एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडलं तर जरा कामाचं. तरी माझा भरवसा मेमटेस्टवरच.

आणि हो, याच्याकडून नको त्या अपेक्षा ठेवू नका. डिस्प्लेच येत नसेल तर हे चालणारच कसं. निळी स्क्रीन न येता मशीन खटकन बंद पडत असेल तर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बघा, मल्टिमीटर असेल तर पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मध्ये आकडा हवा, पण तो ठीक आला म्हणून एसएमपीएस सुटला असंही नाही, लोड आल्यावर कोसळणारे पण असतात. इव्हेंट व्ह्यूअरमधला (विंडोजची नोंदवही) कर्नल पॉवर ४१ हा एरर बघून लोक एसएमपीएस बदलून येतात, त्याचा अर्थ फक्त मशीन नीट शट डाउन झालं नव्हतं एवढाच. डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर, त्यात ०५ किंवा सी५ (डिस्कवरच्या खराब जागांचे आकडे) वाढत असेल तर डेटा आधी काढा, आणि फक्त सी७ (डेटा ने-आण करतानाच्या चुका) वाढत असेल तर डिस्कला जोडलेली साटा केबल बदलून बघा.

रॅमचं बिल शोधा, बऱ्याच ब्रँडची वॉरंटी अनेक वर्षांची असते आणि मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो दाखवला की वाद घालायला जागा राहत नाही. मामाची बदलून मिळाली. फक्त रॅम बदलली की लगेच कामाला लागू नका, खराब रॅममधून डिस्कवर काय काय चुकीचं लिहिलं गेलंय त्याचा नेम नसतो, आमच्या टॅलीच्या दोन महिन्यांच्या एंट्र्या बिलांशी ताडून बघायचं काम अजून चालू आहे.