तालुक्यांसह महाराष्ट्र : भिंतीवरचा प्रशासकीय नकाशा

वाशिमला मी मुलींची अभ्यासिका चालवते. तिथल्या भिंतीसाठी हा लॅमिनेशन केलेला मोठा नकाशा घेतला. पैसे वसूल झाले, हे आधीच सांगते.

नकाशाला रंग सहा, कारण महसुली विभाग सहा. बाजारातले बरेच नकाशे ३६ जिल्ह्यांना वाटेल ते रंग देतात आणि मुलींच्या डोक्यात विदर्भ हाच एक विभाग होऊन बसतो. इथे अमरावती विभागाचे पाच जिल्हे एका रंगात, नागपूरचे सहा दुसऱ्या. नाशिक विभागात खानदेशाच्या जोडीला नगरही येतं, हे पाठ करावं लागत नाही, दिसतंच.

मला सगळ्यात आवडला तो कोपऱ्यातला १९६०चा छोटा नकाशा. राज्य झालं तेव्हा जिल्हे २६ होते. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग, चंद्रपुरातून गडचिरोली, धुळ्यातून नंदुरबार, २०१४ साली ठाण्यातून पालघर, अशी प्रत्येक फाळणी सालासकट दिली आहे. आमचा वाशिम १९९८ला अकोल्यातून निघाला. खरं तर वऱ्हाडात वाशिम १९०५ पर्यंत जिल्हाच होता, मग तो मोडला. ते इथे नाही, ते मी मुलींना तोंडी सांगते. जिल्हा जवळ आला की कलेक्टर कचेरीच्या एका सहीसाठी अख्खा दिवस आणि दोन्हीकडचं एसटीभाडं जात नाही. रिसोड-मानोऱ्याकडच्या मुलींच्या घरी अकोल्याच्या त्या खेपा अजून आठवणीत आहेत, म्हणून नकाशावरची ही रेघ त्यांना लगेच कळते.

खालची तालुक्यांची सूचीही नीट केली आहे. मालेगाव नाशिकमध्ये आहे आणि आमच्याकडेही. कारंजा वाशिममध्ये आणि वर्ध्यात. कर्जत रायगडात आणि नगरमध्ये. खेड रत्नागिरीत आणि पुण्यात. प्रत्येक नावापुढे जिल्हा छापलाय. शिरूर, शिरूर कासार आणि शिरूर अनंतपाळ हे पुणे, बीड आणि लातूरमध्ये वेगवेगळे दाखवलेत. परीक्षेत नेमकं इथेच घसरायला होतं.

आता उणिवा. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं बदलली आहेत, पण अहिल्यानगरच्या जागी अजून जुनंच नाव आहे. आम्ही त्यावर चिठ्ठी चिकटवली. नवी आवृत्ती म्हणून विकताना हे चालणार नाही, मुली भिंतीवर बघून उत्तर लिहितात. मुंबईची चौकट फारच बारीक आहे, उपनगरातले कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली हे तीन तालुके जवळ जाऊनही वाचता येत नाहीत. तालुक्यांच्या सीमा फिकट आहेत, उजेड कमी असेल तर मागच्या बाकावरून दिसत नाहीत.

घेणार असाल तर गुंडाळलेली प्रतच मागा. घडी घातलेल्या प्रतीत मधली घडी नेमकी मराठवाड्यावरून जाते आणि हिंगोली-परभणीची अक्षरं उडतात.