सह्याद्रीसाठी ट्रेकिंग शूज : आधी सोल उलटा करून बघा

दुकानात बूट आवडला की पायात घालण्याआधी उलटा करा आणि सोलमध्ये अंगठ्याचं नख दाबा. नख थोडं रुतलं तर रबर मऊ आहे, ओल्या कातळावर धरेल. नख नुसतंच सरकलं तर तो जोड खाली ठेवा, किंमत कितीही असो. आपला बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ, पावसात गुळगुळीत होतो आणि कडक रबर त्यावर टिकत नाही. ॲक्शन कंपनीचे स्वस्त ट्रेकिंग शूज इतकी वर्षं इथल्या भटक्यांच्या पायात दिसतात ते पकडीमुळेच. शेवाळावर मात्र कुठलाच सोल भरवशाचा नाही. तिथे पाऊल पूर्ण, सपाट टेकवायचं.

भातखाचरं आणि लाल चिकट मातीच्या वाटांना ४ ते ५ मिलिमीटर उंच, एकमेकांपासून लांब असलेले दाते हवेत. दाटीवाटीचे दाते चिखलाने भरतात आणि सोल सपाट होऊन जातो. मऊ रबराची एक किंमत मोजावी लागते: डांबरी रस्त्यावर ते भराभर झिजतं. गावातून पायथ्यापर्यंत चार-पाच किलोमीटर सडक असेल तर तेवढ्यापुरते साधे सँडल घाला.

पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते वॉटरप्रूफ बुटांवर. ओढा ओलांडताना किंवा धो धो पावसात पँटवरून ओघळणारं पाणी घोट्याच्या बाजूने आत शिरतं आणि आतल्या पडद्यामुळे ते बाहेर पडत नाही. दिवसभर पाय पाण्यात राहतात, कातडी पांढरी पडून सोलते. जून ते सप्टेंबर जाळीचेच बूट घ्या, पाणी आत येईल तसं निघूनही जाईल. वॉटरप्रूफ बूट हिमालयातल्या बर्फासाठी ठेवा.

हिवाळ्या-उन्हाळ्यात वाटेवर घसारा, म्हणजे पायाखाली सरकणारी सुटी माती-खडी, आणि धोंडे असतात. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी पुढचं टोक कडक हवं, नाहीतर प्रत्येक ठेच थेट बोटांना लागते. घोट्यापर्यंतच्या बुटात खडे कमी जातात. पण पाय मुरगळणारच नाही, अशी खात्री त्याने मिळत नाही.

माप संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, ट्रेकचेच मोजे घालून बघा. मोजे सुती नकोत, ते ओले राहतात आणि फोड आणतात. लेस बांधून दुकानातल्या उतरत्या फळीवर किंवा जिन्यावरून खाली या. बोटं पुढे आपटली तर उतरणीला नखं काळी पडणार. पुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि टाच उचलली जाता कामा नये. टाच हलत असेल तर वरच्या शेवटच्या भोकाचा वापर करून लेस घोट्याजवळ आवळा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

ट्रेकहून आल्यावर बूट धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात डिंक सुटतो. दोन-तीन वर्षं माळ्यावर पडून राहिलेला जोड थेट गडावर नेऊ नका. दमट हवेत सोलमधला पॉलियुरेथेनचा, म्हणजे फोमसारख्या प्लॅस्टिकचा, मधला थर आतून कुजतो आणि वरून धडधाकट दिसणारा सोल पहिल्याच चढाला निखळतो. नवा जोडही आधी चांभाराकडून कडेने शिवून घेतलेला बरा.