गोडाच्या गोळ्या सोडल्या, आठ महिने झाले

चहात साखरेऐवजी टाकायच्या कृत्रिम गोडव्याच्या गोळ्यांची सवय मला लागली ती सासूबाईंच्या डबीमुळे. त्यांना मधुमेह, त्यामुळे डबी कायम ओट्यावर. बटण दाबलं की टक, अजून एकदा टक. दोन गोळ्या कपात पडून फसफसल्या की तब्येतीसाठी काहीतरी केल्याचं समाधान मिळायचं. सात वर्षं असं चाललं. मला मधुमेह नाही, वजन मात्र 71 च्या खाली यायला तयार नव्हतं. या गुढीपाडव्याला गोळ्या बंद केल्या. आता मार्गशीर्ष लागलाय, तेव्हा काय झालं ते लिहिते.

आधी हिशेब. दिवसाला पाच कप चहा, कपाला एक चमचा साखर धरली तर चमच्यात साधारण 5 ग्रॅम, म्हणजे 20 कॅलरी. पाच कपांच्या झाल्या 100. म्हणजे गोळ्यांनी दिवसाला जेमतेम एक पोळी वाचवली. हा हिशेब मी सात वर्षांत एकदाही मांडला नव्हता. त्या वाचलेल्या पोळीच्या जिवावर ऑफिसात चारच्या चहाबरोबर बाकरवडीचं पाकीट फुटायचं. 'साखर तर खात नाही ना आपण' हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल! गेल्या दिवाळीत बिनसाखरेची काजूकतली अर्धा किलो आणली आणि त्यातली निम्म्याहून जास्त मीच संपवली. साखर नव्हती, पण काजू होतेच की. साखरेची कतली असती तर दोन वड्यांवर हात आखडला असता.

सोडताना पहिले बारा-पंधरा दिवस वाईट गेले. मी चहात गोळीऐवजी अर्धा चमचा साखर घ्यायची असं ठरवलं होतं, आणि तो चहा मला औषधी काढ्यासारखा लागायचा. अशा गोळ्यांत ॲस्पार्टेम किंवा सुक्रालोज हे कृत्रिम गोडवे असतात. ॲस्पार्टेम साखरेच्या साधारण 200 पट गोड असतं, सुक्रालोज 600 पट. दोन गोळ्यांनी माझी जीभ कुठल्या कुठे नेऊन ठेवली होती ते तेव्हा कळलं. तिसऱ्या आठवड्यात एकदा सवयीने एक गोळी टाकली गेली, तर जिभेच्या मागच्या बाजूला ती कडवट-धातूसारखी चव अर्धा तास रेंगाळली. सात वर्षं ती चव मला जाणवलीच नव्हती. (गोळ्यांबद्दल तक्रार करायचीच तर खिरीची. शेवयांची खीर उकळत असताना मी गोळ्या टाकल्या होत्या. ॲस्पार्टेमची गोडी उष्णतेने जाते हे ठाऊक नव्हतं. पाहुण्यांनी 'छान झालीय' म्हणत वाट्या खाली ठेवल्या.)

खरी पंचाईत बाहेरची. अमृततुल्यवाल्याकडे साखर पातेल्यातच उकळलेली असते, आपल्यासाठी वेगळी कुठून येणार? गोळ्यांच्या काळात मी तिथे 'फिका करून द्या' म्हणून ताटकळायचे आणि वर पर्समधली डबी काढायचे. आता सरळ जसा आहे तसा अर्धा घेते, दिवसातून एकदाच. पाच कपांचे तीन झाले ते कुठलाही निर्धार न करता. गोडी कमी झाली तशी चहाची तलफही कमी झाली.

मग पाकिटांच्या मागचं वाचायला लागले. घटकांच्या यादीत गोडव्यांचे क्रमांक असतात: 951 म्हणजे ॲस्पार्टेम, 955 सुक्रालोज, 950 ॲसिसल्फेम पोटॅशियम हा आणखी एक गोडवा. नवऱ्याच्या प्रोटीन पावडरीत 955 निघालं, माझ्या च्युइंगमात तर दोन-दोन. चहातल्या गोळ्या सोडल्या तरी गोडवा मागच्या दाराने येतच होता. पावडर त्याची तो बघेल, च्युइंगम मी बंद केलं.

आता वजन. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. पाडव्याला 71.4. एप्रिलअखेर 72.2, म्हणजे वाढलं. आमरसाला दोष देता येईल, पण तेव्हा मी पुन्हा डबी उघडण्याच्या बेतात होते. गणपतीत 70.6. काल 68.9. अडीच किलो. पण जूनपासून मी आठवड्यातून चार दिवस हनुमान टेकडी चढते आहे, चारची बाकरवडीही सुटली. मग गोळ्या सोडण्याचं श्रेय किती? गोळ्या सोडल्याने चरबी वितळते असं म्हणणार नाही. माझ्यापुरतं एवढंच दिसलं, की गोळी गेली तशी तिच्या नावावर मिळणारी सूटही गेली.

जागतिक आरोग्य संघटनेने 15 मे 2023 ला वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे गोडवे वापरू नका असा सल्ला दिला, तोही सशर्त. थोड्या दिवसांच्या प्रयोगांत वजन किंचित उतरतं. अनेक वर्षांच्या पाहण्यांत मात्र हे गोडवे घेणाऱ्यांत वजन आणि टाइप 2 मधुमेह जास्त दिसतो. पण मुळात ज्यांचं वजन जास्त तेच डबीकडे वळतात, मी त्यातलीच, त्यामुळे कशाने काय झालं हे सांगणं अवघड. कर्करोगाच्या भीतीने मी सोडलेल्या नाहीत. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेम 2बी गटात, म्हणजे कर्करोग होण्याची 'शक्यता असलेल्या' पदार्थांत टाकलं तेव्हा घरच्या ग्रुपवर हलकल्लोळ झाला होता. पण ॲस्पार्टेमची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोला 40 मिलिग्रॅम हीच कायम राहिली, म्हणजे माझ्या वजनाला साधारण 2,800 मिलिग्रॅम. दिवसाला दहा गोळ्यांनी तिथवर पोचणं शक्यच नव्हतं.

सासूबाईंना मात्र मी सोडा म्हटलेलं नाही. आरोग्य संघटनेचा तो सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही, आणि त्यांच्या चहात काय जावं ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. पर्समधली माझी अर्धी भरलेली डबी मी त्यांच्या डबीशेजारी नेऊन ठेवली. त्यांनी हलवून बघितली.

"अगं, तुला परत लागली तर?"

"आई, तुम्ही संपवून टाका ना."

"मला दिवसाला चारच लागतात. संक्रांतीपर्यंत पुरेल."

संक्रांतीला तिळगूळ आहे, आणि तो मी खऱ्या गुळाचाच करणार आहे. काट्यावर किती दिसतं ते त्या रविवारी बघू.