बिनअस्तराचं जॅकेट आणि मडगावचे मास्तर

निकाल आधी सांगते. वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यांत तुम्हाला कामासाठी जावं लागत असेल आणि मीटिंगला जॅकेट हवंच असा तुमच्या ऑफिसचा आग्रह असेल, तर ते पुण्या-मुंबईच्या मॉलमधून उचलू नका. मडगावात शिवून घ्या. मी घेतलं आणि गेला पावसाळा त्यावर काढला. पाचपैकी चार गुण. एक गुण का कापला ते पुढे येईलच.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण शिंपी मास्तरांनीच बजावलंय: "नाव घालू नका हां, चवथीपर्यंत मी नवं काम घेत नाही." नगरपालिकेच्या इमारतीपासून न्यू मार्केटकडे वळलात की कापडाच्या दुकानांमधून आत जाणारी अरुंद वाट लागते, तिथे. शोधणाऱ्याला सापडतं.

माझं काम औषध कंपन्यांच्या ऑडिटचं. राहते पुण्यात, फेऱ्या गोव्यात, मुक्काम मडगावला मावशीकडे. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला तरी सावलीत उभं राहिलं की घाम आपोआप सुकतो. मडगावात पारा ३३-३४ च्या पुढे सहसा जात नाही, पण गोवा एक्स्प्रेसमधून पहाटे उतरून रिक्षापर्यंत जाईतो पाठ चिकट झालेली असते. घाम हवेत उडून गेला तरच अंग थंड होतं, आणि इथे हवाच वाफेने इतकी भरलेली की तो उडायला जागा नाही. अशा वेळी कापड नुसतं पातळ असून भागत नाही. अंगाला न चिकटणारं, आरपार वारा जाऊ देणारं काहीतरी लागतं.

त्यातून आमच्या कामात दिवसभर दोन ऋतू. गेटवर सिक्युरिटीची नोंद, तिथून क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता विभागाच्या, ब्लॉकपर्यंत जांभ्याच्या तापलेल्या पठारावरून चालत जायचं. आत शिरलं की २२-२३ अंशांचा एसी. ओली पाठ आणि गार झोत यांची गाठ पडली की दुपारपर्यंत मान आखडते. मग चेंज रूम: जॅकेट, ओढणी, घड्याळ, बांगड्या सगळं लॉकरमध्ये, अंगावर पॉलिस्टरचा पायघोळ गाऊन, डोक्याला टोपी. बाहेर आलात की तेच जॅकेट पुन्हा चढवून क्लोजिंग मीटिंगला बसायचं, समोर प्लँट हेड. अंगाला वास येत असेल तर तुमच्या निरीक्षणांचं वजन निम्मं होतं. कोणी बोलून दाखवत नाही एवढंच.

याआधी माझ्याकडे एक ऑनलाइन मागवलेलं 'ट्रॅव्हल ब्लेझर' होतं. चुरगळत नाही ही त्याची जाहिरात, आणि ती खरी निघाली. बॅगेतून काढा, झटका, घाला. पण दुपारच्या जेवणापर्यंत बगलेत असा कुबट वास की कँटीनमध्ये मी हात अंगाशी धरून जेवायची. ते मास्तरांपुढे टाकलं. त्यांनी बाहेरून पाहिलंसुद्धा नाही. उलटं केलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे बाहेरून काय पण असू दे बाय, आतून प्लास्टिकची पिशवी."

त्या दुकानात मला कळलेली खरी गोष्ट हीच. आपण कापड बघतो, अस्तर बघत नाही. लॅबमध्ये काम केलेल्यांना हे आकडे ओळखीचे असतील: ठरावीक दमट हवेत लोकर आपल्या वजनाच्या सोळा टक्क्यांच्या आसपास ओलावा धरते, लिनन बाराच्या, सुती आठ-साडेआठ. पॉलिस्टर जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे हजारो रुपये देऊन लिननचं जॅकेट घेतलं आणि आतून पूर्ण पॉलिस्टरचं अस्तर असलं, तर तुमच्या कातडीला लिनन भेटतच नाही. रेडीमेडमध्ये वर आणखी फ्यूजिंग, म्हणजे पुढच्या बाजूला गोंदाने चिकटवलेला कडक थर. घाम, पाऊस आणि ड्रायक्लीन असं चक्र चालू राहिलं की त्याला फोड येऊ लागतात आणि छातीवरचं कापड पापडासारखं दिसायला लागतं.

मास्तरांनी बनवलं ते असं. पाठीला अस्तर नाही, फक्त खांद्यांखाली वीतभर पट्टा, म्हणजे खांद्याचा आकार ढळत नाही. बाह्यांना अस्तर ठेवलं, नाहीतर ओलसर हात आत सरकता सरकत नाही. खांद्यात पॅड नाही. पुढच्या बाजूला गोंदाऐवजी हलकं सुती कॅनव्हास, टाक्यांनी धरलेलं. आतल्या सगळ्या शिलाया बारीक सुती पायपिंगने बंद केलेल्या. अस्तर नसल्यामुळे त्या उघड्या दिसणार ना. म्हणूनच बिनअस्तराच्या जॅकेटची शिलाई अस्तरवाल्यापेक्षा जास्त पडते. कापड कमी लागतं मग पैसे जास्त कशाला, यावर मी हुज्जत घातली. त्यांनी अस्तरवाल्या कोटाची एक शिलाई उसवून आतली ओबडधोबड कड दाखवली. मी गप्प.

मडगावात असं काम करणारे हात का आहेत, याचं उत्तर मावशीने दिलं. जॅकेट शिवायचंय म्हटल्यावर ती आधी हसली होती: "अगं, गोव्यात कोट घालतो कोण? नवरा नाहीतर वकील!" पण तिथेच तर मेख आहे. ख्रिस्ती लग्नात नवऱ्याला सूट हवाच, त्याच्यासोबत उभ्या राहणाऱ्या मित्रांनाही हवा, आणि तो इथल्याच हवेत घालून रात्रभर नाचायचंही असतं. पिढ्यान् पिढ्या असे कोट बेतणाऱ्या माणसाला घामाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. बाकी मावशीचंही खरंच आहे. इथल्या सरकारी कचेरीत, बँकेत, कारखान्यातसुद्धा माणसं अर्ध्या बाह्यांच्या सुती शर्टात सुखाने काम करतात. जॅकेट बाहेरून आलेल्यांच्याच अंगावर दिसतं. माझ्या हातात असतं तर मीही घातलं नसतं.

कापड मी लिनन-सुती मिश्रणाचं घेतलं. शुद्ध लिननच्या चुण्या मला सोसत नाहीत; मिश्रणातही पडतात, जरा कमी. मास्तरांचं यावर एकच वाक्य, "चुण्या नकोत तर पॉलिस्टर घे, मग माझ्याकडे येऊ नकोस." रंगावर मात्र त्यांनी बराच वेळ दिला. आकाशी आणि फिका राखाडी बाजूला सारले, कारण त्यावर ओला डाग लांबून दिसतो. गडद निळा मला हवा होता. त्यावर ओल दिसत नाही, पण घाम सुकला की मिठाची पांढरी रेघ उमटते, पाठीवर आणि बगलेत. शेवटी दोन धाग्यांचं विणलेलं, जवळून पाहिलं तर निळं-राखाडी बारीक ठिपक्यांचं आणि लांबून एकरंगी वाटणारं कापड ठरलं. ओलही लपते, मीठही. हा सल्ला मला फॅशनच्या कुठल्याही व्हिडिओत मिळाला नव्हता.

बेतण्याआधी त्यांनी कापड भिजवून सावलीत वाळवलं. लिनन पहिल्या पाण्यात आटतं, म्हणून. जूनमध्ये मडगावात सावलीत कापड वाळणं म्हणजे काय ते ज्याने गोव्याचा पाऊस पाहिलाय त्याला माहीत. तिथेच दिवस गेले, आणि मग ट्रायलची तारीख चुकली ती चुकलीच. हा कापलेल्या गुणाचा पहिला हिस्सा. दुसरा हिस्सा खिशाचा. खालचे खिसे इतके उथळ की वाकलं की फोन बाहेर. आणि बाह्यांना व्हिस्कोसचं अस्तर सांगितलं होतं, मिळालं नाही म्हणून पॉलिस्टरच लावलं, तेही मला न विचारता. कोपराच्या आतल्या बाजूला ते जाणवतं. पुढच्या खेपेला अस्तर मी पुण्याहून घेऊन जाणार आहे.

पॅन्टचं ऐकून लोक हसतात. मी लोकरीची घेतली. स्वेटरची लोकर नव्हे, सुटासाठी येतं ते पातळ, पिळाच्या धाग्याचं ट्रॉपिकल वूल. सुती-लायक्राची पॅन्ट टॅक्सीत तासभर बसलं की मांडीला चिकटते आणि गुडघ्यावर फुगते. ही फुगत नाही, रात्री हँगरला लावली की सकाळी चुणी गेलेली, वासही नाही. गुडघ्यापर्यंत असतं ते अस्तर काढायला लावलं. लांबी घोट्याच्या थोडी वर ठेवली, कारण पावसात वेर्ण्याची तांबडी माती काठाला लागली की धुऊनही गुलाबी सावली राहते. धोका एकच: पावसाळ्यात बंद कपाटात ठेवली तर बुरशी. मावशीच्या कपाटात बल्ब लावलेला असतो, तिथे निभावलं.

आतून मी बिनबाह्यांची पातळ सुती स्लिप आणि त्यावर अर्ध्या बाह्यांचा केम्ब्रिकचा टॉप घालते. एवढ्या उकाड्यात दोन थर कशाला, असं वाटेल. पण घाम स्लिप पिते, टॉप कोरडा राहतो, आणि चेंज रूममध्ये जॅकेट काढल्यावर लोकांना दिसतो तो टॉपच. स्लिप दुपारी बदलता येते. पर्समध्ये घडी मावते. बूट चामड्याचे असतील तर दोन जोड आलटून पालटून, रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे. मावशीकडे गोमन्तक येतो, त्याचा एवढा उपयोग मी तरी करते.

साडीचं विचाराल तर कारखान्यात नको, गाऊनमध्ये निऱ्यांचं काय करणार. पण पणजीत परिषद असेल, दिवसभर बसायचंच असेल, तर चौकड्यांची सुती कुणबी साडी कुठल्याही जॅकेटपेक्षा सुसह्य. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्स यांनी ती रॅम्पवर नेली, पण मुळात ती शेतात राबणाऱ्या बायकांची. इथल्या हवेची परीक्षा ती कधीच पास झालेली आहे.

खर्च: जॅकेटची शिलाई ३,२०० रुपये, पॅन्टची ७५०, कापड वेगळं. अर्धे पैसे आधी, पावती जाड कागदाच्या तुकड्यावर. डिसेंबर-जानेवारीत जाऊ नका, लग्नांच्या सुटांखाली ते दबलेले असतात. माप द्यायला जाताना आतून जे घालणार तेच घालून जा, पॅन्टसाठी बूटही पायात हवेत. बगल सैल ठेवा असं तोंडाने सांगा, नाहीतर ते मापाला मापच बेततात. खिसे किती खोल हवेत तेही फोन आत घालून दाखवा. आणि दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. शटर अर्धं वर दिसलं तरी हाक मारू नका, आत मास्तर झोपलेले असतात.